मागच्या दोन जागा : वापरलेली स्पोर्ट्‌स कार आणि लहान मुलांचे कुटुंब

स्पोर्ट्‌स कार म्हणजे नेमके काय, याची सर्वमान्य व्याख्या अद्याप ठरलेली नाही. तरी ठेंगणी बांधणी, वजनाच्या मानाने भरपूर शक्ती आणि प्रवाशांच्या सोयीपेक्षा चालकाच्या हाताला मिळणाऱ्या प्रतिसादाला दिलेले महत्त्व ही तीन लक्षणे बहुतेक जाणकार मान्य करतात. कुटुंबवत्सल ग्राहकाची अडचण तिसऱ्या लक्षणात आहे, कारण प्रवाशांची सोय दुय्यम ठरली की पहिली कात्री मागच्या आसनाला लागते. घरात लहान मुले असताना अशी मोटार, तीही वापरलेली, घ्यायची तर इंजिन, वेग आणि किंमत यांची चर्चा नंतर करावी आणि तपासणीचा आरंभ मागच्या दोन जागांपासून करावा, अशी या लेखाची भूमिका असून आढावा मुख्यतः भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील ग्राहकाला दिसणाऱ्या बाजारापुरता ठेवला आहे.

मागच्या आसनाचा प्रश्न या मोटारी बनवणाऱ्यांनाही जुनाच आहे. १९६१ मध्ये आलेली जग्वार ई-टाइप फक्त दोघांची होती. १९६६ मध्ये कंपनीने तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर नऊ इंचांनी वाढवून आणि छत उंच करून मागे दोन छोट्या जागा असलेली आवृत्ती काढली. १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात मांडलेल्या पोर्शे ९११ मध्ये अशा जागा पहिल्यापासूनच होत्या, तर १९६४ मध्ये अमेरिकेत अवतरलेली फोर्ड मस्टँग ही अंतरंगाने फाल्कन या साध्या कौटुंबिक मोटारीवर बेतलेली असल्याने तिला मागचे आसन असणे ओघानेच आले. पुढे दोन प्रौढ आणि मागे दोन तात्पुरते प्रवासी, अशा या रचनेला ‘टू प्लस टू’ म्हणजे ‘दोन अधिक दोन’ हे नाव रूढ झाले. त्यातला ‘अधिक’ हा शब्द मात्र जपून घ्यावा लागतो, कारण त्या दोन जागा कोणासाठी आणि किती काळासाठी आहेत हे माहितीपत्रके सहसा स्पष्ट सांगत नाहीत.

ते समजण्यासाठी आधी मुलाला काय लागते ते पाहिले पाहिजे. बालआसन, म्हणजे बाजारात चाइल्ड सीट या नावाने मिळणारी वस्तू, मुलाच्या वाढीबरोबर बदलत जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या, २०१३ पासून लागू झालेल्या नियमानुसार निदान पंधरा महिन्यांपर्यंत मूल पाठमोरे, म्हणजे मोटारीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवायचे असते. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असल्याने समोरून धडक बसली असता आसनाची पाठ डोके, मान आणि कणा या तिघांना एकाच वेळी आधार देते, हे त्यामागचे कारण. स्वीडनमध्ये तर हीच बैठक चौथ्या वर्षापर्यंत ठेवण्याचा प्रघात आहे. त्यापुढच्या टप्प्यात मूल पुढे तोंड करून, बालआसनाच्या स्वतःच्या पट्ट्यांनी बांधून बसते, आणि त्यानंतर येते ते ‘बूस्टर’, म्हणजे मुलाला उंच करणारे असे आसन, ज्यामुळे मोटारीचाच पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडांवरून आणि गळ्यावरून न जाता खांद्यावरून जातो. जर्मनीत बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा उंची दीडशे सेंटीमीटर होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, बालआसन बंधनकारक आहे.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित बांधलेले नसेल तर चालकाला १,००० रुपये दंड होऊ शकतो. अंमलबजावणी किती होते हा प्रश्न अलाहिदा. आईच्या मांडीवर बसलेले मूल हे दृश्य अजून कोणालाही खटकत नाही. शहरी वेगातल्या, म्हणजे ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासच्या टकरीत प्रवाशावर गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट मंदन आले असे धरले, तर दहा किलोचे मूल धरून ठेवण्यासाठी तीनशे किलो पेलण्याइतके बळ हातांत असावे लागेल, एवढा साधा गुणाकार या सवयीचा निकाल लावण्यास पुरेसा आहे.

आता हे टप्पे ‘दोन अधिक दोन’ मोटारीच्या मागच्या जागेशी ताडून पाहावेत. पाठमोरे आसन लांबीला बरीच जागा खाते, त्यामुळे त्याच्या पुढचे आसन इतके पुढे सरकवावे लागते की तेथे बसणाऱ्या प्रौढाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. शिवाय दोनच दारे असल्यामुळे पालकाला पुढचे आसन वाकवून, स्वतः कमरेतून दुमडून, झोपलेले मूल आत न्यावे लागते, आणि हा व्यायाम दिवसातून दोनदा करण्याची हौस फार टिकत नाही. पुढे तोंड करून बसण्याच्या टप्प्यात जागा जेमतेम पुरते, पण पाठ जवळजवळ सरळ उभी असलेल्या आणि मध्ये खोलगट असलेल्या मागच्या आसनावर प्रत्येक बालआसन नीट टेकतेच असे नाही. बूस्टरचा टप्पा आला की मात्र ही रचना खऱ्या अर्थाने उपयोगी पडते, आणि मूल नऊ-दहा वर्षांचे होऊन त्याचे डोके उतरत्या मागच्या काचेला लागू लागले की तो उपयोगही संपतो. म्हणजे चारपासून नवापर्यंतची सुमारे पाच वर्षे एवढाच ‘दोन अधिक दोन’ मोटारीचा कौटुंबिक काळ असतो.

नवी मोटार घेणाऱ्याला हा काळ महागात पडतो, कारण किमतीची मोठी घसरण नेमकी पहिल्या काही वर्षांत होते; ती घसरण आधीच्या मालकाने सोसलेली मोटार पाच वर्षे वापरून विकणाऱ्याचे नुकसान त्या मानाने मर्यादित राहते. वापरलेल्या मोटारीच्या बाजूने हा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे. त्यातून दुसरे अनुमानही निघते : घरात दीड वर्षाचे मूल असताना ९११ शोधणारा माणूस अडीच वर्षे लवकर बाजारात आलेला असतो, आणि दुसऱ्या अपत्याचा विचार चालू असेल तर त्याने सगळा हिशेब नव्याने मांडलेला बरा.

बालआसन मोटारीला जोडण्याच्या पद्धतीवरही बरेच अवलंबून असते. ‘आयसोफिक्स’ ही आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली जोडणी म्हणजे आसनाची बैठक आणि पाठ यांच्या फटीत, मोटारीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पोलादी कड्या होत. त्यांच्यातील अंतर २८ सेंटीमीटर असते. बालआसन पुढे कलंडू नये म्हणून त्याला वरून मागे जाणारा तिसरा पट्टा किंवा मोटारीच्या तळाला टेकणारा पाय असतो. वापरलेल्या स्पोर्ट्‌स कारमध्ये या कड्या आहेत असे गृहीत धरता येत नाही, आणि असल्या तरी त्या मागेच असतील असेही नाही : पोर्शेच्या काही जुन्या पिढ्यांत ही जोडणी पुढच्या प्रवासी आसनासाठी, तेथील एअरबॅग बंद करण्याच्या सोयीसह, जादा पैसे मोजून घ्यावी लागे. त्यामुळे दिसायला तंतोतंत सारख्या दोन मोटारींपैकी एकीत मूल सुरक्षित बसवता येते आणि दुसरीत येत नाही, असे घडू शकते. पुढच्या आसनाबाबत एक नियम अपवाद न करता पाळावा लागतो, तो असा की समोरची एअरबॅग चालू असताना पाठमोरे बालआसन तेथे कधीही ठेवायचे नाही, कारण फुगणारी पिशवी थेट त्या आसनाच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागे, आदळते. काही मोटारींत मागच्या जागा मुळातच नसतात. ९११ च्या जीटी-३ या आवृत्तीत त्या सहसा काढून टाकलेल्या असतात आणि जाहिरातीतल्या छायाचित्रावरून ते चटकन ध्यानात येत नाही.

जागा असणे आणि जागा सुरक्षित असणे यांतले अंतर मस्टँगच्या उदाहरणाइतके दुसरीकडे क्वचितच स्पष्ट दिसते. युरोपात नव्या मोटारींच्या टकरीच्या चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये मस्टँगला पाचपैकी दोनच तारे दिले, आणि बालप्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी तिला ३२ टक्के गुण मिळाले. मागच्या पट्ट्यांना धक्क्याच्या क्षणी ताण देणारी आणि मग छातीवरचा दाब मर्यादित ठेवणारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे समोरच्या धडकेत मागचा प्रवासी पट्ट्याखालून सरकला. बाजूच्या धडकेत दहा वर्षांच्या मुलाच्या आकाराच्या पुतळ्याचे डोके आतल्या आवरणावर आदळले. फोर्डने सुधारणा केल्यावर त्याच वर्षी फेरचाचणीत तीन तारे मिळाले. ही सहावी पिढी कारखान्यातूनच उजव्या हाताच्या सुकाणूसह निघणारी पहिली मस्टँग. ती २०१६ मध्ये पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनासह भारतात आली आणि आजही भारतीय जुन्या बाजारात सर्वांत सहज दिसणाऱ्या ‘दोन अधिक दोन’ मोटारींपैकी तीच एक आहे. एकाच वर्षात, एकाच नावाखाली, मुलांच्या दृष्टीने दोन वेगळ्या मोटारी बनलेल्या असू शकतात याचा हा धडधडीत पुरावा असून, नोंदणीच्या वर्षाऐवजी उत्पादनाचा महिना का विचारायचा याचे उत्तरही त्यातच आहे.

भारतीय बाजाराकडे वळले की चित्र बरेच आक्रसते. ९११ महाग आहे आणि जुनी झाली तरी तिच्या देखभालीचा खर्च जुना होत नाही. ऑडी टीटीच्या मागच्या जागा साधारण दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रवाशांसाठीच आहेत. मिनी कूपर एस चार जणांना नेते, पण डिकीत बाबागाडी ठेवली की दुसरे काही मावत नाही. परदेशस्थ मराठी वाचकांसमोर निवड अधिक मोठी असते. उदाहरणार्थ, २००३ ते २०१२ या काळात बनलेल्या माझ्दा आरएक्स-८ ची मागची छोटी दारे उलट्या बाजूने उघडतात, त्यामुळे मूल बसवणे विलक्षण सोपे जाते, मात्र तिचे फिरत्या दट्ट्याचे इंजिन तेल पिते आणि त्यातील दाब मोजल्याशिवाय ती घेणे हा जुगार ठरतो. परदेशांत स्वस्त मिळणाऱ्या १९९८ ते २००५ मधल्या ९११ च्या इंजिनातील मधल्या शाफ्टचे बेअरिंग कुप्रसिद्ध आहे.

भारतात या प्रश्नाचे व्यवहार्य उत्तर बहुधा चार दारांच्या मोटारींतच सापडते. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस हे त्यांतले सर्वांत सरस उदाहरण मानावे लागेल : २०१७ ची २३० अश्वशक्तीची आवृत्ती २४.६२ लाखांना आणि २०२० ची २४५ अश्वशक्तीची, फक्त २०० नग आणलेली आवृत्ती ३५.९९ लाखांना, दोन्ही शोरूमच्या किमती, विकली गेली. ५९० लिटरची डिकी, मागे दोन बालआसने आणि त्यांच्यामध्ये प्रसंगी एखादी आजी बसू शकेल इतकी रुंदी, आणि साध्या ऑक्टेव्हिया छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यात जोडल्या गेल्या असल्याने बरेच सुटे भाग सामाईक. तोटा एवढाच की हे सारे गुण मालकांनाही ठाऊक असल्यामुळे ती विकायला फारशी येत नाही आणि आली तर भाव उतरत नाही. फोक्सवॅगनची पोलो जीटीआय २०१६ मध्ये अवघे ९९ नग घेऊन आली. तिला दोनच बाजूची दारे असली तरी मागची बैठक खऱ्या पोलोची आहे. त्यावरच्या पायरीवर चाकणला जोडली गेलेली ३०६ अश्वशक्तीची मर्सिडीज-एएमजी ए-३५ आणि चेन्नईत जोडली जाणारी ३८७ अश्वशक्तीची बीएमडब्ल्यू एम-३४० आय या, दोन्ही २०२१ मध्ये आलेल्या सेडान आहेत. दुसरी तर शून्यावरून शंभराचा वेग साडेचार सेकंदांच्या आत गाठते, म्हणजे अनेक दोन आसनी मोटारींना मागे टाकते.

खिसा लहान असेल तर रांजणगावात बनलेली आणि २०१५ मध्ये दहा लाखांच्या आत मिळणारी १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो मोहात पाडते, मात्र फियाटने भारतातून काढता पाय घेतल्यानंतर तिचे सुटे भाग जमवणे हा एक स्वतंत्र छंद झाला आहे. त्यापेक्षा चाकणच्याच फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाविया यांच्या १५० अश्वशक्तीच्या आवृत्त्या शहाणपणाच्या ठरतात, कारण २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपने या जोडीला पाच तारे देताना बालसुरक्षेसाठी ४९ पैकी ४२ गुण दिले. यांपैकी एकही खरी स्पोर्ट्‌स कार नाही, हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप बरोबर आहे. फक्त तो घेणाऱ्या मंडळींची मुले बहुधा मोठी झालेली असतात. व्हर्टस, स्लाविया आणि पोलो जीटीआय यांच्या सात गतींच्या डीएसजी गिअरपेटीत कोरडे दुहेरी क्लच असतात आणि चेंगट वाहतुकीत ते तापतात, त्यामुळे पुण्या-मुंबईत वापरलेली मोटार पाहताना ती संथ रांगेत अर्धा तास चालवून, धक्के बसतात का ते अनुभवणे आवश्यक ठरते. ऑक्टेव्हिया आरएसमध्ये तेलात बुडालेले क्लच असल्याने ही चिंता कमी.

मोटार वापरलेली असणे ही बाब मुलांच्या संदर्भात सर्वांत अधिक जपायला लावते. वेगवान मोटार वेगाने चालवली गेलेली असते, आणि जिला एकदा अपघात झाला तिची दुरुस्ती मुख्यतः दिसणाऱ्या भागांची होते. पत्रा सरळ होतो, रंग चढतो, पण फुटलेल्या एअरबॅगा, त्यांचा नियंत्रक आणि पट्टे ताणणारी स्फोटक यंत्रणा हे सारे बदलण्याचा खर्च मोठा असल्याने तो टाळण्याच्या क्लृप्त्या निघाल्या आहेत. एअरबॅगेच्या जागी रोधक बसवून संगणकाला फसवले जाते, किंवा डॅशबोर्डवरचा एअरबॅगेचा दिवा दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडला जातो, जेणेकरून किल्ली फिरवल्यावर तो लागतो आणि विझतोही. म्हणून किल्ली फिरवताना तो दिवा इतरांपासून वेगळा, काही सेकंद पेटून स्वतंत्रपणे विझतो का हे पाहावे आणि अधिकृत सेवाकेंद्रात नियंत्रकाची स्मृती वाचून घ्यावी. चारशे रुपयांचा स्कॅनर फोनला जोडून दाखवणाऱ्या दलालाच्या शब्दावर हे सोडू नये. प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला की त्याच्या खालच्या टोकाशी शिवलेल्या पट्टीवर बहुधा उत्पादनाची तारीख सापडते. ती मोटारीच्या वयाशी जुळत नसेल तर पट्टा का बदलला, आणि धडक होऊनही ती जुळत असेल तर का बदलला नाही, हे दोन्ही प्रश्न विचारण्यासारखे आहेत.

हौशी मालकांनी केलेले बदल हा याच प्रकरणाचा दुसरा भाग होय. शर्यतीची नक्कल करणारी एकसंध पुढची आसने दोन दारांच्या मोटारीत बसवली की मागे जाण्याची वाटच बंद होते. चालकाच्या मागे लावलेला पोलादी नळ्यांचा पिंजरा शर्यतीत शिरस्त्राणधारी डोक्यांसाठी असतो. त्याच नळीपासून वीतभर अंतरावर सहा वर्षांच्या मुलाचे उघडे डोके असणे ही सुरक्षितता नव्हे. आसनांवर चढवलेली चामडी आवरणे बाजूच्या एअरबॅगेची शिवण झाकतात आणि आयसोफिक्सच्या फटीही बुजवतात. इंजिनाची शक्ती संगणकातून वाढवणे, म्हणजे ‘रीमॅप’, हे वरकरणी मुलांशी असंबद्ध वाटले तरी विम्याच्या दाव्याच्या वेळी ते आडवे येते, आणि बदललेला सायलेन्सर तर झोपलेल्या मुलाला प्रत्येक सिग्नलवर जागे करतो. मूळ स्थितीतली, थोडी अधिक चाललेली, पण सेवानोंदी पूर्ण असलेली मोटार कमी चाललेल्या आणि ‘सजवलेल्या’ मोटारीपेक्षा पालकांसाठी नेहमीच श्रेष्ठ.

रस्ते आणि हवामान यांबाबत थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच की भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार गतिरोधक दहा सेंटीमीटर उंचीचा आणि रुंद गोलाईचा असायला हवा, प्रत्यक्षात गल्लोगल्ली घातलेल्या उंचवट्यांना हे ठाऊक नसते, आणि चौघे बसल्यावर खाली दबलेली मोटार रिकाम्या मोटारीपेक्षा आधी घासते. तेव्हा चाचणीफेरी पूर्ण कुटुंबासह आणि घराजवळच्या रस्त्यावरच घ्यावी. मागच्या न उघडणाऱ्या छोट्या खिडक्या आणि ताठ स्प्रिंगा यांच्या संयोगाने घाटात मुलांना मळमळते, ही तक्रारही तेव्हाच कळते.

राहता राहिली कागदपत्रे. पुदुच्चेरी किंवा हिमाचलची पाटी असलेली मोटार स्वस्त दिसण्यामागे बहुधा तेथील कमी कर हे कारण असते, आणि दिल्लीची स्वस्त दिसते ती तेथे दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर आलेल्या निर्बंधांमुळे. बारा महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवायची तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नवी नोंदणी आणि वयानुसार ठरणारा एकरकमी कर हे सारे ओघाने येते. आयात केलेल्या मोटारींसाठी राज्यातील कराचा दर २० टक्के असल्याने परराज्यातली स्वस्ताई तेवढ्यावरच संपू शकते. इंधनाचा प्रश्न अलीकडचा आहे : पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर २०२३ पूर्वीच्या बहुतेक मोटारी दहा टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनल्या आहेत, तेव्हा इंधनटाकीच्या झाकणामागची सूचना वाचून घ्यावी. व्यवहाराच्या दिवशी मात्र सर्व कागदांच्या आधी घरचेच बालआसन सोबत नेऊन मागच्या जागेवर बसवून पाहावे, ते बसले नाही तर विसार देऊ नये, आणि विक्रेता त्यासाठी अर्धा तास द्यायला कुरकुरला तरी देऊ नये.